वाचकांचे प्रश्न : रान वाचवायचे म्हणून जीव घ्यावा का?

गेल्या अंकात या सदरात सातपुड्याच्या पायथ्याच्या शिवारांत रानडुकरांमुळे होणाऱ्या नुकसानीविषयी मी थोडे लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या बाजूंनी भिडतात, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. यावल, रावेर आणि चोपडा या तालुक्यांत माझी पशुवैद्यकाची नोकरी झाली. त्या काळात गाईबैलांसोबत रानातली जखमी जनावरेही मला पाहावी लागली, आणि काहींचा शेवट माझ्या हातून झाला. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता पुस्तकी नाही, हे आधीच सांगतो.

प्रश्न : डॉक्टर साहेब, चोपडा तालुक्यात माझी सहा एकर शेती आहे. यंदा दुधात आलेला मका डुकरांनी तीन रात्रींत लोळवला, केळीची नवी रोपे उकरली आणि ठिबकच्या नळ्या चावून टाकल्या. न्यूझीलंडमध्ये पक्षी वाचवण्यासाठी सरकारच उंदीर आणि दुसरी जनावरे मारते, असे मी मोबाइलवर पाहिले. तिथे मारले तर ते संवर्धन, आणि इथे मी एक डुक्कर मारले तर गुन्हा, हा कुठला न्याय?

उत्तर : तुमचा राग मला समजतो. रात्र रात्र माळ्यावर डबा वाजवत जागणाऱ्या माणसाला शहरातून कोणी प्राणिदयेचे धडे देऊ लागले, तर ते ऐकून घेण्याचे बंधन त्याच्यावर नाही. पण तुम्ही जी तुलना केली आहे, ती नीट तपासून पाहू.

न्यूझीलंडच्या जमिनीवर वटवाघळे सोडली तर मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. तिथले कितीतरी पक्षी जमिनीवर घरटी करतात आणि किवीसारखे काही पक्षी उडतही नाहीत, कारण दात असलेला शत्रू त्यांना ठाऊकच नव्हता. उंदीर जहाजांतून गेले. सशांना आवर घालण्यासाठी मुंगुसाच्या चणीचा स्टोट नावाचा शिकारी प्राणी एकोणिसाव्या शतकात माणसानेच तिथे नेला. २०५० पर्यंत अशा परक्या भक्षकांपासून देश मुक्त करायचा, असे तिथल्या सरकारने २०१६ मध्ये जाहीर केले. अटलांटिकच्या दक्षिणेला साउथ जॉर्जिया नावाचे बेट आहे, तिथे हे काम पूर्णही झाले. अनेक वर्षे विषारी आमिष टाकल्यानंतर २०१८ मध्ये ते बेट उंदीरमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथे पुन्हा वाढू लागले.

या कामात वेदना नाही, असे मात्र समजू नका. अशा विषाने उंदीर शरीराच्या आत रक्तस्राव होऊन काही दिवसांनी मरतो. त्या उंदराचा अपराध एवढाच, की त्याच्या पूर्वजांना माणसाने जहाजातून आणले. न्यूझीलंडमध्येही विषाच्या वापरावरून लोकांत तीव्र मतभेद आहेत, आणि मला ते योग्य वाटतात. तरीही त्या मोहिमेच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. एक म्हणजे ती माणसाच्याच चुकीची दुरुस्ती आहे. दुसरी मला अधिक वजनाची वाटते: त्या मारण्याला शेवट आहे. बेटावरचा शेवटचा उंदीर गेला की पुढच्या वर्षी तिथे कोणाला मारावे लागत नाही.

आपले रानडुक्कर याच मातीतले आहे. मादी एका वेतात चार-सहा पिले देते. नाल्याकाठच्या काट्याकुट्यांत लपायला जागा आहे आणि बांधापलीकडे मका उभा आहे, तोवर तुम्ही मारलेल्या डुकरांची जागा दोन हंगामांत भरून निघणार. केंद्र सरकारने बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर यांना काही काळासाठी उपद्रवी प्राणी म्हणून घोषित केले होते आणि २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात दोनशेहून अधिक नीलगाई गोळ्या घालून मारल्या गेल्या. त्यावरून केंद्रातले दोन मंत्री उघडपणे एकमेकांच्या विरोधात बोलले, त्यामुळे गाजावाजा पुष्कळ झाला. पण जिथे मारण्याला शेवट नसतो, तिथे आपण प्रश्न सोडवत नाही, दरसाल नव्याने मारत राहतो. असे मारणे समर्थनीय ठरवणे मला फार कठीण वाटते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. एका हिवाळ्यात पहाटे वनरक्षक मला बोलवायला आला. गावाच्या नाल्यात डुकरासाठी कोणीतरी फास लावला होता. मोटारसायकलच्या क्लचची तार बाभळीच्या बुंध्याला बांधलेली होती. तीत एक मादी सापडली होती आणि निदान दोन रात्री तिने ओढाओढ केली असावी. तार मागच्या पायाचे कातडे आणि स्नायू कापून हाडाला भिडली होती, भोवतालची माती तिने गोल उकरून टाकली होती आणि बाभळीची साल तिच्या दातांनी सोलून निघाली होती. तिचे सड दुधाने ताठले होते. पिले कुठेतरी जवळच असणार, पण ती आम्हाला सापडली नाहीत. वरून परवानगी येईपर्यंत दोन तास गेले. मग मी इंजेक्शन दिले आणि ती शांत झाली. मी केले ते योग्यच होते, याविषयी माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण तेवढ्याने त्या दोन रात्री पुसल्या जात नाहीत.

फासाला डोळे नसतात. मुक्ताईनगर तालुक्यातल्या डोलारखेडा परिसरात वाघ केळीच्या बागांतून ये-जा करतात, हे जळगाव जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. तिथे डुकरासाठी लावलेला फास किंवा कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह वाघालाही तसाच मारतो, आणि पहाटे पाणी धरायला निघालेल्या शेजाऱ्यालाही. शिवाय रानडुक्कर हे वाघ-बिबट्यांचे मोठे खाद्य आहे. ते रानातून संपले, की त्यांची नजर आपल्या गोठ्याकडे वळते.

तुम्ही नेमके काय करायचे, ते आता सांगतो. वन्यप्राण्यांना आवर घालताना कोणती नीती पाळावी, याची सात तत्त्वे २०१७ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासकांनी मिळून मांडली. त्यांतले पहिले असे, की माणसाच्या वागण्यात बदल करून प्रश्न सुटतो का, ते आधी पाहावे. शेवटचे तत्त्व मला फार मोलाचे वाटते: निर्णय प्रत्यक्ष परिस्थिती पाहून घ्यावा, जनावराला चिकटवलेल्या नावावरून घेऊ नये. ‘उपद्रवी’ म्हटले की त्याला कसेही मारायला मोकळे झालो, असे होत नाही. सौरऊर्जेवरचे झटका मशीन अगदी थोड्या क्षणांसाठी प्रवाह सोडते, त्याने जनावर दचकते पण मरत नाही. मात्र ते एकट्याच्या शेताभोवती लावले तर डुकरे शेजाऱ्याकडे वळतात, म्हणून शिवारातल्या आठ-दहा जणांनी मिळून ते लावावे. नुकसानीचा पंचनामा त्याच आठवड्यात करून घ्यावा. आणि हे सारे करूनही भागले नाही, तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ मध्ये पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला मारण्याच्या परवानगीची तरतूद आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून ती वाट थोडी सोपीही झाली आहे. परिक्षेत्र वन अधिकाऱ्याकडे अर्ज करा. त्या वाटेने, नेम धरता येणाऱ्या माणसाने, एका गोळीत मारलेल्या डुकराबद्दल मी तुम्हाला दोष देणार नाही. क्लचच्या तारेबद्दल मात्र देईन.

प्रश्न : २०१७ च्या शेवटी आमच्या चाळीसगाव तालुक्यात, गिरणेच्या पट्ट्यात, बिबट्याने माणसे मारली. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका शेतात जायला धजत नव्हत्या. डिसेंबरात तो बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. आम्हाला तेव्हा सुटल्यासारखे झाले. पण माझी कॉलेजात शिकणारी मुलगी विचारते, की त्याला पकडून लांब जंगलात का सोडले नाही? तिला काय सांगू?

उत्तर : ताई, तुम्हाला सुटल्यासारखे वाटले यात लाज वाटण्याजोगे काही नाही. ज्या घरातले माणूस गेले, त्या घराचे दुःख हिशेबात न धरणारी वन्यजीवनीती मला मान्य नाही. मुलीचा प्रश्नही अगदी रास्त आहे आणि कायदासुद्धा तोच प्रश्न विचारतो. बिबट्या किंवा वाघ माणसाच्या जिवाला धोका झाला, तरी त्याला मारण्याचा आदेश राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. तो लेखी आणि कारणांसह द्यावा लागतो, आणि पकडणे, भूल देणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही अशी त्यांची खात्री झाल्यावरच द्यावा लागतो.

मात्र ‘लांब सोडणे’ हा वाटतो तितका निरुपद्रवी उपाय नाही, आणि हे महाराष्ट्रानेच अनुभवले आहे. जुन्नर भागात या शतकाच्या सुरुवातीला उसातून पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडले जात होते. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळाच्या नोंदी तपासल्या. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत, ते २००१ ते २००३ या काळात १७ च्या घरात गेले. बिबट्याला आपला मुलूख ठाऊक असतो: पाणी कुठे आहे, कुत्री कुठे मिळतात, माणूस केव्हा कुठून जातो. अनोळखी जागी सोडलेला, पिंजऱ्यात दात आणि नख्या मोडून घेतलेला, माणसांच्या गर्दीने बिथरलेला बिबट्या परत फिरू पाहतो किंवा जिथे सोडला तिथल्या गावाच्या आसपास राहतो. म्हणजे दयेपोटी केलेल्या कामाची किंमत दुसऱ्याच गावाने मोजली, आणि त्या गावाला कोणी विचारलेही नव्हते. आयुष्यभर पिंजऱ्यात ठेवणे हा तिसरा मार्ग. कित्येकदा तोच निवडला जातो, पण तीही इजाच आहे. आपल्याला रोज दिसत नाही, म्हणून ती कमी होत नाही.

म्हणून माझे मत असे, की माणसे मारणारा प्राणी नेमका तोच आहे, याची पायांचे ठसे, कॅमेरा आणि शक्य असेल तिथे डीएनए यांवरून खात्री झाली असेल आणि पकडण्याचे प्रयत्न खरोखर करून झाले असतील, तर त्याला मारणे क्षम्य आहे. ‘नरभक्षक’ हा शब्द कानावर आला की कोणताही बिबट्या चालेल, असे होता कामा नये.

मारलेल्या एका जनावरापाशी गोष्ट क्वचितच संपते, हेही मुलीला सांगा. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ १३ माणसांच्या मृत्यूंशी जोडलेली टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले होते. तरीही ती मारताना कार्यपद्धती पाळली गेली नाही, असे आक्षेप नंतरच्या चौकशीत नोंदवले गेले. तिला वर्षाच्या आतली दोन पिले होती. त्यांतली मादी पकडून पेंचला नेली, तिथे वाढवली आणि मार्च २०२१ मध्ये जंगलात सोडली. काही दिवसांतच तिथल्या वाघाशी झालेल्या झुंजीत जखमी होऊन ती मेली.

याहून विलक्षण उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. क्रूगर राष्ट्रीय उद्यानात हत्ती फार झाले म्हणून १९६७ पासून १९९४ पर्यंत हजारो हत्ती मारण्यात आले. त्या कत्तलीतून वाचलेली पोरकी पिले पिलान्सबर्ग नावाच्या दुसऱ्या अभयारण्यात नेऊन सोडली. ती वडीलधाऱ्यांशिवाय वाढली, त्यांतले नर वेळेआधीच माजावर येऊ लागले, आणि १९९० च्या दशकात त्यांनी चाळीसहून अधिक गेंडे मारले. १९९८ मध्ये क्रूगरमधून सहा थोराड नर आणून तिथे सोडले, तेव्हा तरुणांचा माज ओसरला आणि गेंडे मारले जाणे थांबले. मोजणी करणाऱ्यांच्या कागदावर त्या पिलांना ‘वाचवलेले’ म्हटले होते. जनावराला नाती असतात, घरातली शिस्त असते, धडा घालून देणारे कोणी लागते, हे त्या कागदावर कुठेच नव्हते.

प्रश्न : मी शहाद्याला बी.एस्सी.ला आहे. नामशेष झाला असे मानलेला रानपिंगळा, म्हणजे रानातले छोटे घुबड, आमच्या तालुक्यात पुन्हा सापडला, याचा अभिमान वाटतो. पण पूर्वीचे शास्त्रज्ञ पक्षी मारून त्यांची कातडी संग्रहालयात ठेवत, आणि आजचे शास्त्रज्ञ पक्षी पकडून यंत्रे बांधतात. ज्ञानासाठी जीवाला त्रास देणे योग्य आहे का?

उत्तर : तुझ्या तालुक्याची गोष्टच याचे उत्तर देते. रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये झाले. जेम्स डेव्हिडसन हे इंग्रज अधिकारी खानदेशात होते. १८८४ पर्यंत त्यांनी टिपलेले नमुने जमेस धरूनही जगभरच्या संग्रहालयांत या पक्ष्याची उणीपुरी सात कातडी होती. ना चांगली दुर्बीण, ना हलका कॅमेरा, अशा काळात पक्षी ओळखायचा म्हणजे मारायचा, हीच रीत होती. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रजाने संग्रहालयातले एक जुने कातडे चोरून त्यावर १९१४ साल आणि गुजरातेतल्या मांडवीचे नाव घातले. त्यामुळे शोध घेणारे कित्येक वर्षे चुकीच्या जागी फिरले. पक्षी-अभ्यासक पॅमेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडकीस आणली, आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळच्या रानात त्यांना आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना तो पक्षी जिवंत दिसला. या वेळी कोणी बंदूक उचलली नाही. छायाचित्रे आणि चित्रफीत पुरेशी ठरली.

जुन्या नमुन्यांविना ही ओळख पटली नसती, हे मान्य केले पाहिजे. पण आज तेच ज्ञान कमी इजेत मिळत असताना अधिक इजा करणे अक्षम्य आहे. यंत्राचेही तसेच. उडणाऱ्या पक्ष्यावर त्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांहून जड यंत्र बांधू नये, असा संकेत अनेक अभ्यासक पाळतात. रानपिंगळा सुमारे २४० ग्रॅमचा, म्हणजे जेमतेम सात ग्रॅम. त्या सात ग्रॅममधून मिळणारी माहिती त्याच झाडोऱ्याला वाचवण्यासाठी वापरली जाणार असेल, तर मी ‘हो’ म्हणेन. ती केवळ प्रबंधाची पाने भरणार असेल, तर नाही.

तुझ्या हातातली एक गोष्ट सांगतो. तोरणमाळकडे किंवा यावल अभयारण्यात येणारे छायाचित्रकार मोबाइलवर रानपिंगळ्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावतात. पक्ष्याला वाटते, की आपल्या हद्दीत परका नर शिरला आहे. तो शिकार सोडून येतो, विणीच्या दिवसांत घरट्यापासून लांब जातो. एका फोटोसाठी अर्धा तास असे चालते. ही इजा कोणी मोजत नाही, कारण ती करणारे सगळे निसर्गप्रेमी असतात. तुझ्या मित्रमंडळींत हे थांबवता आले, तर जरूर थांबव.

प्रश्न : मी धुळ्याचा एक जैन वाचक, पांजरपोळीच्या कामात आहे. आपले लेख वाचून मला वाटते, की ‘मोठ्या हितासाठी’ लहान जीव मारणे हा केवळ शब्दांचा खेळ आहे. कोणत्याही जीवाला इजा न करणे हाच मार्ग सरळ नाही का? माळावरची कुत्री वन्यप्राण्यांना त्रास देतात म्हणून त्यांना खाऊ घालू नये, असे आपण लिहिले होते, तेही पटले नाही.

उत्तर : आपण जे म्हणता, त्यातले अर्धे मला मनापासून मान्य आहे. जाती-प्रजातीला वेदना होत नाही. वेदना होते ती एकेका जीवाला, आणि ‘मोठे हित’ म्हणताना हे आपण विसरतो. पण इजा न करण्याचा संकल्प केला म्हणजे आपल्या हातून इजा होत नाही, एवढे सरळ जग मला अनुभवाला आले नाही.

१९९० च्या दशकात मी गाईबैलांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक टोचत होतो. सांधे धरलेली म्हातारी गाय त्याने सकाळी उठून उभी राहायची आणि मालकाच्या डोळ्यांत पाणी यायचे. यात क्रौर्य कुठेही नव्हते, उलट शुद्ध दया होती. अशी गाय औषधानंतर लवकरच मेली, की तिचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती काही दिवसांत मरत. हे कारण २००४ मध्ये जगापुढे आले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध वापरण्यास भारतात बंदी झाली. तोवर आपल्याकडच्या तीन जातींची गिधाडे ९५ टक्क्यांहून अधिक संपली होती. माझ्या हाताने किती मेली, ते मी कधी मोजू शकणार नाही. मी एकही गिधाड मारले नाही असे म्हणणे शब्दशः खरे ठरेल, पण मला ते म्हणवत नाही.

कुत्र्यांचा प्रश्न इथेच येतो. गावाबाहेर मेलेली ढोरे टाकण्याच्या जागेवर पूर्वी गिधाडे उतरत आणि तासाभरात हाडे उघडी पडत. आता तिथे कुत्री जमतात. टोळीने राहून ती माळावरची चिंकाऱ्याची पाडसे आणि रोहीची म्हणजे नीलगाईची वासरे धरतात, आणि लांडग्या-कोल्ह्यांत पिसाळ व इतर आजार पसरवतात. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतल्या कित्येकांत कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सापडला होता. तरीही कुत्र्यांना मारा, असे मी कधी लिहिलेले नाही. त्यांना विष घालणाऱ्यांची मला चीड आहे, आणि कायदाही पकडून निर्बीजीकरण व लसीकरण करण्याचाच मार्ग सांगतो. माझे म्हणणे एवढेच होते, की रानाच्या कडेला, अनेर किंवा गौताळ्याच्या हद्दीशी, रोज भाकऱ्या टाकून टोळी वाढवू नये. खाऊ घालायचे असेल तर ते गावात, आणि निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्यांना.

आपल्या पांजरपोळीत म्हातारी आणि आजारी जनावरे शेवटपर्यंत सांभाळली जातात, म्हणून तिथल्या औषधांच्या कपाटाला फार महत्त्व आहे. येणाऱ्या पशुवैद्यकाला कोणते वेदनाशामक देता, ते विचारा. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरले आहे. डायक्लोफिनॅकबरोबरच किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक यांच्या जनावरांसाठीच्या वापरावरही २०२३ मध्ये बंदी आली आहे. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या बाटल्या कोणी जनावरांसाठी आणत असेल, तर त्याला थांबवा. आणि औषध दिलेले जनावर त्याच आठवड्यात मेले, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरा.